द्वारकाबाईंनी डबल बेल दिली नाही

मंडळी, सरसावून बसा! पारूआजी, तुम्ही टेका खुशाल खांबाला, गुडघ्याचं मला ठाऊक आहे — बाकीचे मात्र ताठ! एक प्रश्न विचारतो. विद्या खरी कोणती? पुस्तकात छापलेली, की अंगात मुरलेली? — लगेच माना डोलावू नका, आधी ऐका!

जुन्नरात एक द्वारकाबाई घोलप. एसटीत कंडक्टर, सोळा वर्षं सर्व्हिस! दोरी दोनदा ओढली, डबल बेल दिली, की गाडी सुटली. सुट्टीचा एक रविवार, तो जायचा दळणात आणि पाहुण्यांत. शेवटी भाची पूर्वा म्हणाली, "मावशी, चल माझ्याबरोबर. आमचा एक खेळ असतो."

खेळ कसला? कागदावर एक वीर मांडायचा — नाव, बळ, कला. मग टेबलाभोवती बसून गोष्ट रचायची. राक्षस, गुहा, खजिना! आणि जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा सांगणार. फासा म्हटल्यावर दचकलात? इथं कुणी राज्यबिज्य पणाला लावत नाही हो! नियम एकच: आपला वीर मेला की कागद फाडायचा, आणि दिवाळीपर्यंत टेबलाकडे फिरकायचं नाही.

गोष्ट चालवणारे कर्णिक सर, कॉलेजात शिकवणारे. पुढ्यात नियमांचं जाडजूड पुस्तक. म्हणाले, "कला निवडा." छापील यादी होती — तलवार, धनुष्य, मंत्र, कुलूप फोडणं. शेवटी एक ओळ कोरी: स्वतःची कला लिहा. त्या ओळीकडे आजवर कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. द्वारकाबाईंनी पेन उघडलं आणि तिथंच लिहिलं — 'चढलेला माणूस उतरेपर्यंत ध्यानात ठेवणे.'

हशा पिकला! सर म्हणाले, "बाई, ही कला नाही, ही तुमची ड्युटी झाली! राक्षस आला तर काय, तिकीट फाडाल त्याचं?"

बाईंचे कान तापले. घाटातल्या गाडीत साठ माणसं ध्यानात ठेवायची, त्यात एक झोपलेला, एक रस्ता चुकलेला — ही कला नाही?

"सर, ओळ कोरी कुणी सोडली? तुमच्याच पुस्तकानं ना? मग मी खोडणार नाही."

"पहिल्याच गुहेत मराल. मग दिवाळीपर्यंत घरी!"

"बघू की!"

वा रे बाई! धमकी कुणाला, तर कंडक्टरला!

खेळ सुरू झाला. खेळणारे तिघं — बाई, पूर्वा आणि निनाद नावाचा एक मुलगा. गोष्टीतल्या एका खेड्यात हिराजी म्हणून म्हातारा वाटाड्या भेटला, त्याला बरोबर घेतलं. त्याचं बोलणं सरच बोलायचे. चौघं गुहेत शिरले. राक्षस धावला! निनादनं तलवार चालवली, पूर्वानं मंत्र टाकला — खजिना हातात! मागं दगडी दार खाली यायला लागलं. सर ओरडले, "सगळे बाहेर! जिंकलात!" टाळ्या!

"थांबा," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी डबल बेल देत नाही. आत गेले चार, बाहेर आले तीन. हिराजी कुठाय?"

निनादनं पूर्वाकडे पाहिलं, पूर्वानं सरांकडे. सरांनी कागद उलटसुलट केले — आणि मंडळी, गोष्ट रचणाराच विसरला होता! म्हातारा पहिल्याच धडकेत आडवा झाला होता, तो आतच!

सर खाकरले. "कला वापरायला आधी फासा टाकावा लागतो."

"फासा कशाला? मला आठवतंय की!"

"अहो, पण साधा वाटाड्या तो! कागदावरचा म्हातारा!"

"तुमच्या कागदावरचा असेल. माझ्याबरोबर चढला होता. मी आत जाते."

"पंधराच्या खाली पडलं तर दाराखाली सापडाल. कागद फाडीन!"

बाईंनी फासा मुठीत धरूनच ठेवला, खोटं कशाला सांगू? आठवड्यातले हे तीन तास आता कुठं त्यांचे स्वतःचे झाले होते, आणि ते आता जाणार होते. तरी टाकला फासा. पडले किती? नऊ!

सरांनी कागद उचलला. तोच निनाद ताडकन उठला, "थांबा! माझी तलवार दाराखाली आडवी घाला!"

"मोडेल ती!"

"मोडू दे!"

"आणि माझा शेवटचा मंत्र दाराला लावा," पूर्वा म्हणाली. "मावशी आत आहे सर. आम्हीपण मोजलंय!"

दोन फासे पडले. अठरा! सोळा! दार हातभर उंचीवर अडकलं. त्या फटीतून आधी म्हातारा सरपटत आला, मग बाई. बाईंनी बोटावर मोजलं — एक, दोन, तीन, चार. मग म्हणाल्या, "हां, आता डबल बेल!"

सरांनी तोंडानं काही कबूल केलं नाही. शिकलेला माणूस, जड जातं! पण पुस्तकातल्या छापील यादीखाली त्यांनी पेनानं एक ओळ वाढवली — बाईंच्या कलेची.

चढले किती, उतरले किती।
ज्याच्या चित्ती, तोचि सांगाती॥

आता तुमचं काय? तुमच्या अंगातही काहीतरी मुरलंय. कुणी हसलं की लगेच खोडता! का खोडता? त्या ओळी कोऱ्या का सोडल्यात देवानं? वर गेल्यावर तो तलवारीचं विचारणार नाही. विचारील, बरोबर कोण होतं, आणि ते मागं कुठं राहिलं?

आणि वर जायची तरी वाट कशाला बघता? आत्ता आरती होईल, प्रसाद हातात पडेल, नि सगळे धावाल चपलांकडे. खबरदार! खांबाला टेकलेल्या पारूआजी पायरी उतरून चपला घालेपर्यंत इथून कुणी हलायचं नाही. बघतोच, डबल बेल कोण देतो ते!