दहा अन् वर दहा

आमचं मूळ देगलूरकडचं, पण काय सांगू तुम्हाला, सासऱ्यांच्या नोकरीपायी हैदराबादेत आलो ते नल्लकुंट्याचेच झालो. घरात मराठी, दारात तेलुगू, बाजारात हिंदी, अन् माझा एकुलता सुधीर तिन्हींत गोड बोलायचा.

ट्रॉली आटो होता त्याचा. राज्याचे दोन तुकडे झाले त्या सुमारास तो आंध्रातून पोती आणायला लागला, मला म्हणायचा चिंच आहे. चिंच कसली, गांजा होता. अर्धा माल आमच्या माळ्यावर टाकला, उरलेला आणायला गेला अन् तिकडच्या नाक्यावर धरला, मागून इथले पोलीस घरात शिरले. सौदा एक, केसा दोन, एक तेलंगणात, एक आंध्रात.

त्यानं केलं, मी नाही म्हणत नाही. इथं दहा वर्षांची शिक्षा झाली, म्हणलं भोगेल. तर तिकडच्या कोर्टानं वर आणखी दहा दिली. हिमायतनगरच्या वकिलांना म्हणलं, अहो, एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा नसते म्हणता ना? ते म्हणाले, काकू, घरात ठेवला हा एक गुन्हा, गाडीतून नेला हा दुसरा. म्हणलं, एका घागरीचं पाणी दोन तांब्यांत ओतलं तर तहान दोनदा भागते का हो? हसले बिचारे, म्हणाले, तुम्हीच उभ्या राहा कोर्टात.

दोन्ही शिक्षा सोबत चालू द्या, एवढाच अर्ज होता. तेव्हा हायकोर्ट दोन्ही राज्यांचं एकच, अफझलगंजला बसमधून उतरायचं, पूल ओलांडायचा, बाकावर बसायचं. मग हायकोर्टाचीही वाटणी झाली, आमची फाईल आंध्रात गेली अन् तिकडेच अर्ज फेटाळला.

तरी पहिली दहा सरली त्या दिवशी मी वेडी नवा सदरा घेऊन जेलच्या दारात उभी. आला तो दोन शिपायांच्या मधोमध. शिपाई म्हणाला, अम्मा, ही संपली, ती आजपासून. सदरा त्याच्या हातात दिला अन् गाडी गेली.

आता तिकडच्या जेलातून फोन करतो, माझ्यानं तेवढा प्रवास होत नाही. परवा म्हणलं, सुधीर, वकीलसाहेब म्हणतात आई वारली तर कैद्याला सुट्टी मागता येते, मिळाली तर पोलिसांसोबत घरी आणतात, तेव्हा तरी येशील. मग म्हणाला, आई, औषध घेतलंस का?

घेतलं म्हणलं. तुमची लेकरं तुमच्या डोळ्यांसमोर राहोत, बाई.