दहा मोजेपर्यंत

आता तुम्ही विचारलंच म्हणून मास्तरांच्या गाडीचं सांगतो. माझा थोरला भाऊ, दादा, जाऊन महिनाही झाला नव्हता. पाचगणीच्या शाळेतले मास्तर आमच्या साताऱ्याच्या गॅरेजात आले. त्यांच्या जुन्या विलायती स्पोर्ट्स कारचं स्टेअरिंग दादानं खोललं होतं, ते तसंच पडून होतं.

"पुण्याला ओढून नेतो," मास्तर म्हणाले.

"दादाचं काम हाय, दुसऱ्याला हात लावू देणार न्हाई. मी जोडतो. सोमवारी या."

बोलून बसलो. लगेच सगळे भाग घासलेटात धुतले, आणि गिअरचा कुठला दाता कुठल्या खाचेत बसवायचा याच्या दादाच्या रंगाच्या खुणाही धुऊन गेल्या. तीनदा जोडलं. चाकं सरळ केली की स्टेअरिंग तिरकं. चौथ्यांदा जमलं. मग दादासारखीच मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून चाकं ओळीत आणली.

सोमवारी मास्तरांना शेजारी बसवून कोरेगावच्या रस्त्याला लागलो. दादाची परीक्षा एकच असायची. मोकळ्या सपाट रस्त्यावर दोन्ही हात सोडायचे आणि दहा मोजायचे. मी हात सोडले. मास्तर दार घट्ट धरून मोजू लागले. गाडी जराही डावीउजवीकडं गेली नाही.

"नऊ, दहा... अकरा, बारा... अरे, पास झालास! आता धर की स्टेअरिंग!"

"धरतो मास्तर, आदी डोळं पुसू द्या. रस्ताच दिसंना झालाय."