मागच्या सीटवरचे "अहो"

सुधा, तूच सांग, रिकाम्या सीटकडे वळून हाक मारणे हे असत्य ठरते का?

मागच्या रामनवमीला मी इकडे इंग्लंडात वॉटफर्डच्या मंदिरातून एकटीच गाडी चालवत परतत होते. शेतांमधल्या रस्त्यावर एका माणसाने आपली गाडी माझ्यापुढे आडवी घातली आणि उतरून तो माझे दार ओढू लागला. दार आतून बंद होते. मी मागे वळून मोठ्याने म्हणाले, "अहो, उठा! हे गृहस्थ काय म्हणतात, बघा जरा."

मागे कोणी झोपले आहे असे समजून तो पळाला आणि घाईत गाडी मागे घेताना चरात अडकला. यांना जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. तरीही मी उत्तराची वाट पाहत राहिले.

हस, हस. तू म्हणशील, जिवंतपणी तरी ते पहिल्या हाकेला उठायचे का? नाही उठायचे. म्हणूनच, तो पळाल्यावर, मी दुसरी हाक मारली.

मी फोन केल्यावर आलेल्या पोलिसांनी त्याला तिथेच धरले. कोर्टात तो गयावया करू लागला, "लायसन्स गेले तर रोज बायकोच्या शेजारी बसून कामावर जावे लागेल."

न्यायाधीशांनी त्याला नेमकी तीच शिक्षा दिली.