हार घातलेले चित्र पातूरला गेल्याबाबत

जबाब

नाव: जानराव गोविंदराव अकर्ते, वय ६७ वर्षे, धंदा: शेती (फुलमळा), राहणार भातकुली, जि. अमरावती.

मी वरील इसम पोलीस ठाण्यात स्वतःच्या पायांनी येऊन, पूर्ण शुद्धीत आणि जिवंत राहून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी दुर्गाबाई व धाकटी मुलगी वर्षाली यांच्यासह राहतो. 'जिवंत' हा शब्द मी आग्रहाने घालायला लावला आहे. जमादार साहेब म्हणाले की जबाब देणारा जिवंतच असतो, वेगळे लिहायची पद्धत नाही. परंतु माझ्याबद्दल चार दिवसांत जे पसरले ते पाहता तो लागतो. ओळखीसाठी आधार कार्ड दाखवले आहे.

माझी मुलगी वर्षाली ही अमरावती येथील वरदातीर विद्यापीठात चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. तेथील कलादालनात दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींच्या चित्रांचे प्रदर्शन भरते. ते चालू असताना बाहेरचे परीक्षक येतात व भिंतीवरची चित्रे पाहून गुण देतात. भिंतीवर नसलेल्या चित्राला गुण मिळत नाहीत. यंदा वर्षालीने माझे चित्र काढले होते. आकार खिडकीच्या पल्ल्याएवढा.

वर्षालीला मला वाफ्यात वाकून झेंडू खुडताना काढायचे होते. मी नकार दिला. वाकलेला मी रोजच असतो. चित्र काढायचेच तर धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, दोन्ही हात गुडघ्यांवर, असा माणूस सरळ बसलेला दिसावा, असे माझे मत होते व आजही आहे. वर्षाली म्हणाली, "बाबा, असा फोटो लोकं भिंतीवर लावतात ना, तसं दिसन मंग ते." मी म्हणालो, "मंग तू काय जमिनीवर लावून राहिली? भिंतीवरच तं लावतं." त्यावर तिने वाद घातला नाही व मला तसेच काढले. चित्र हुबेहूब झाले आहे.

सोमवारी सकाळी उद्घाटन होते. हार आमच्याच मळ्यातले, दुर्गाबाईने गुंफलेले. समईजवळ सरस्वतीची तसबीर ठेवायची होती, पण ती आणायला गेलेला माणूस वेळेवर आला नाही. समई माझ्या चित्राच्या बरोबर खाली मांडलेली होती. पाहुण्यांनी दिवा लावला, त्यांच्या हातात हार दिला गेला आणि समोर तसबीर म्हणून मीच होतो. त्यांनी हार माझ्या चित्राला चढवला, फुले वाहिली, हात जोडले. त्यांच्यामागून सगळ्यांनी जोडले. यात पाहुण्यांचा दोष आहे असे माझे म्हणणे नाही. हातात हार दिल्यावर माणूस तो कोठेतरी घालणारच.

त्या वेळी मला दालन सापडत नसल्याने वर्षाली मला आणायला फाटकाशी आली होती. आम्ही आत शिरलो तेव्हा सगळे हात जोडून उभे होते. माझा चष्मा गाडीच्या डिक्कीत राहिला होता. सगळे नमस्कार करून राहिले म्हणून मीही टोपी सारखी करून मनापासून नमस्कार केला. वर्षालीने माझा दंड दाबला तेव्हा मला समजले की मी स्वतःलाच हात जोडले आहेत. मला हसू आले. वर्षालीला आले नाही. कार्यक्रम झाल्यावर हार काढू असे ठरले, पण चढलेला हार उतरवायला कोणाचाच हात धजेना, वर्षालीचाही नाही, आणि तो तसाच राहिला.

माझा पुतण्या शिवम याने मोबाईलवर त्या वेळचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. खाली 'आमचे जानराव काका, विद्यापीठात' एवढेच लिहिले. पोराने कौतुकाने टाकला. फोटोत हार आहे, समई आहे, हात जोडलेली माणसे आहेत. संध्याकाळपर्यंत भावपूर्ण श्रद्धांजलीचा पूर आला. सोसायटीच्या अध्यक्षांनी 'दिलदार माणूस हरपला' असे लिहिले. हेच अध्यक्ष मागच्या सभेत मला भांडखोर म्हणाले होते. मी अडीअडचणीला धावून जायचो असे एकाने लिहिले, त्या माणसाला मी ओळखत नाही.

मी शिवमला खुलासा टाकायला सांगत होतो, तेवढ्यात दुर्गाबाईने त्याच्या हातातून मोबाईल काढून घेतला. आमच्याकडे माणसाच्या डोक्याला कावळा शिवला तर तो माणूस मेल्याची खोटी खबर सोयऱ्याधायऱ्यांकडे धाडतात. ती ऐकून जवळचे कोणी खरोखर रडले की त्या माणसावरचे संकट टळते, असे मानतात. दुर्गाबाईचे म्हणणे, "जित्त्या माणसाच्या फोटोले हार म्हंजे कावळा शिवल्यावानीच हाय. खबर आपसूक गेली, बरं झालं. आता कोणाचाबी फोन उचलू नका. रक्ताचं कोणी रडू द्या, मंग सांगू." मी म्हणालो, "वर्षाली रडून राहिली ना सकाळपासून." ती म्हणाली, "ते चित्रासाठी रडून राहिली. तुमी जित्ते हा हे तिले मालूम हाय. ते चालत नाही." मी या गोष्टी मानतो की नाही असे विचारल्यावरून सांगतो की, घरात बायको मानत असल्यास नवऱ्याच्या मताला किंमत राहत नाही. फोन उचलले नाहीत.

मला सख्खी अशी एकच बहीण आहे, तिला मी बाई म्हणतो. पार्बताबाई, वय ७४, राहणार पातूर, जि. अकोला. तिचा भाजीचा मळा आहे. आई लवकर गेली, त्यामुळे मला तिनेच लहानाचे मोठे केले. अलीकडे बऱ्याच वर्षांपासून आमच्यात बोलणे नाही. कारण विचारण्यात आले. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही, म्हणून सांगत नाही. तुझ्या दारात पाय ठेवणार नाही असे तिने मला सांगितले होते, आणि ती बोलल्या शब्दाला जागते. मीही पातूरला गेलो नाही. दुर्गाबाई रक्ताचे कोणी म्हणाली तेव्हा तिच्या मनात कोण आहे ते मला कळले होते. तरी मी गप्प राहिलो. संकट टळावे म्हणून नव्हे. बाई माझ्यासाठी अजून रडते की नाही, हे मला पाहायचे होते. हे लिहून घ्यावे.

पुढची हकीकत मी स्वतः पाहिलेली नाही. बाईची सून गीतांजली व कलादालनाचे चौकीदार नत्थुजी यांनी मला सांगितली ती अशी. मंगळवारी सकाळी गीतांजलीच्या मोबाईलवर तो फोटो आला. तिने आमच्या घरी पुन्हा पुन्हा फोन केले, कोणी उचलले नाहीत. बाईने डोक्यावरून पाणी घेतले आणि सुनेला घेऊन एसटीने अकोल्यावरून अमरावतीला आली. भातकुलीला जाऊ असे गीतांजली म्हणाली. बाईने नकार दिला. म्हणाली, "त्याच्या दारात मी जाणार नाही म्हणून सांगतलं होतं, तं नाही जाणार. जिथी त्याचा फोटो लावला हाय तिथी चाल."

दुपारी दालनात कोणी नव्हते. बाई चित्रासमोर खाली बसली व मोठमोठ्याने रडली. "काहून रे जान्या, माह्याआधी गेला," असे म्हणत होती. नत्थुजी पाणी आणायला गेले. परत आले तो चित्र भिंतीवरून उतरलेले व बाईच्या मांडीवर होते. नत्थुजींनाही मी मेलेलाच वाटलो होतो, कारण हार त्यांनीही पाहिला होता. बाई त्यांना म्हणाली, "याच्या घरी मले रडता येत नाही, भाऊ. माह्या घरी घेऊन जातो मी याले." नत्थुजींच्याने नाही म्हणवले नाही. त्यांनी सुतळीने चित्र नीट बांधून दिले व रिक्षा थांबवून दिली. नत्थुजींनाही दोन बहिणी आहेत. त्यांच्यावर कारवाई होऊ नये अशी माझी विनंती आहे.

संध्याकाळी वर्षाली दालनात गेली तेव्हा भिंतीवर नुसता खिळा होता. दालनाचे प्रमुख शेखर सर यांची जबाबदारी असल्याने त्यांनी चोरीची तक्रार दिली. नत्थुजी भीतीने आधी काही बोलले नाहीत, बुधवारी सकाळी त्यांनी माझ्यासमोर सांगितले. ती बाई चित्राला जान्या म्हणत होती, हे ऐकल्यावर मला पुढचे ऐकायची गरज राहिली नाही. मला जान्या म्हणणारे आता एकच माणूस आहे. घरी येऊन दुर्गाबाईला सांगितले. ती म्हणाली, "रडली ना? मंग टळलं. आता कायले थांबले? जा ना." मी तसाच निघालो.

पातूरला पोचलो तेव्हा बाईच्या अंगणात शेजारपाजारची माणसे बसलेली होती. खुर्चीवर माझे चित्र, पुढे दिवा. दुखवट्यामुळे घरात चूल पेटलेली नव्हती. मी फाटकात उभा राहिलो. आधी एका म्हाताऱ्याने मला पाहिले व तो उठून उभा राहिला. मग सगळे उठले. बाई भिंतीला टेकून बसली होती, तिचे डोळे सुजलेले होते. तिने माझ्याकडे पाहिले, चित्राकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिले. ती घाबरली नाही. म्हणाली, "मेल्यावर आला का रे?"

मी कावळ्याचे आणि फोनचे सांगू लागलो. ते ऐकून तिने हाताशी असलेला तांब्या माझ्या अंगावर फेकला. तो लागला. खांद्यावर वळ आहे, परंतु त्याबद्दल माझी तक्रार नाही व दवाखान्याचा कागदही नको. नंतर ती उठली, माझ्या तोंडावरून हात फिरवला, टोपी काढून डोके चाचपले आणि आतल्या बाजूला तोंड करून म्हणाली, "गीता, चूल पेटव वं. हा उपाशी आला असन." मी उपाशी नव्हतो. दोन दिवसांची उपाशी तीच होती. मला रडू आले. एवढ्या लोकांत आले, त्याला इलाज नाही.

जेवण झाल्यावर मी चित्र परत मागितले. प्रदर्शन चालू आहे, शनिवारी परीक्षक येणार आहेत, चित्र भिंतीवर नसले तर पोरीचे वर्ष बुडेल, असे समजावून सांगितले. बाई म्हणाली, "तुले देणार नाही. तू बोलत नव्हता, हाबी बोलत नाही. पण हा घरात बसून तं राहते." मी म्हणालो की मी येत जाईन. ती म्हणाली, "तू येत जाजो. हाबी राहीन. दोघाले जागा हाय."

शेवटी असे ठरले की, शनिवारी सकाळी बाई स्वतः चित्र घेऊन अमरावतीला येईल, ते तिच्यासमोर भिंतीवर लागेल, परीक्षकांचे पाहून होईपर्यंत ती तेथेच बसेल आणि कोणी हार घेऊन जवळ आल्यास त्याचे ती पाहून घेईल. प्रदर्शन संपल्यावर चित्र पातूरला जाईल. वर्षालीला हे मान्य आहे. शेखर सरांनाही मान्य आहे. वर्षालीने आत्याला फोन केला असता, तुझ्या बापाचे नाक तू उगाच सरळ काढले, असे आत्याने तिला सांगितले. शनिवारी रात्री मुक्काम कोठे करणार, असे मी बाईला विचारले. तिने हो किंवा नाही काहीच म्हटले नाही. दुर्गाबाईने मात्र पुरणाची डाळ निवडून ठेवली आहे.

माझी चित्राबाबत कोणाविरुद्धही तक्रार नाही. पाहुणे, शिवम, नत्थुजी यांपैकी कोणी वाईट हेतूने काही केलेले नाही. चित्र चोरीला गेलेले नाही. ते माझे असून, मी मेलो असे समजून जिने ते नेले, तिच्याकडेच मी मेल्यावर ते जाणे योग्य होते. मी मेलो नाही, त्याला तिचा इलाज नाही.

माझा हा जबाब मी सांगितल्याप्रमाणे लिहून घेतला व मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना त्यात पार्बताबाईच्या नावापुढे 'संशयित' असा शब्द आला. तो माझ्या सांगण्यावरून जमादार साहेबांनी खोडला व त्या जागी काय लिहू असे विचारले. मी 'बहीण' लिहा म्हणून सांगितले. तेवढे लिहून झाल्यावर ती ओळ मी पुन्हा वाचून घेतली. आता जबाब खरा व बरोबर आहे.

(सही) जानराव गोविंदराव अकर्ते
समक्ष