नाकातलं शिसं

आप्पा: परत ठेव विमान. आधी मागची चाकं टेकव, मग पुढचं, मग हात काढ.

सून: आप्पा, चार वेळा तसंच ठेवलं. हात काढला की बसतंय शेपटीवर. नाक वर करून, रुसलेल्या पोरासारखं.

मुलगी: टेबल तिरकं नाही ना?

सून: टेबल सरळ आहे, ताई. रोज याच टेबलावर कापड बेतते मी. तुम्हाला तुमच्या दवाखान्यातून यायला उशीर झाला, नाहीतर चारही खेळ बघायला मिळाले असते.

आप्पा: टेबलाचा दोष नाही. नाकात वजन नाही. या जेटचं सगळं जड अंग मागं. म्हणून अंगाचे दोन अर्धे चिकटवायच्या आधी नाकात शिशाच्या गोळ्या भरायच्या असतात. मॉडेल करणारा पहिल्यांदा हेच शिकतो.

मुलगी: मग या वेळी काय झालं?

आप्पा: व्हायचं काय, विसरलो. सूनबाई, गोळ्यांचं मी तुला काही बोललो होतो का?

सून: गोळ्यांचं? कधी?

आप्पा: अंग चिकटवायच्या आधी. मला ताप आला त्याच्या एक-दोन दिवस आधी.

सून: नाही... बोललात असं आठवत नाही, आप्पा.

आप्पा: मला वाटतंय बोललो. दोनदा बोललो असंच वाटतंय. पण मग गॅस बंद केला असंही मला परवा वाटतच होतं.

मुलगी: एवढं काय त्यात? शेपटीखाली पारदर्शक काडी लावू. कुणाला दिसणार नाही.

आप्पा: काडी. एकतीस वर्षं खऱ्या विमानाच्या पोटाखाली काढली मी. उड्डाणाआधी यादी घ्यायची, एकेक कलम बघायचं, खाली सही करायची. एक कलम सुटलं नाही. उद्या अकरा वाजता हँगरमधले तिघं येतायत, आमचं विमान बघायला. आता चारच उरलोत. त्यांच्यापुढे काडी लावून ठेवू?

सून: पण रंग किती छान बसलाय, आप्पा. शेपटीवरचा आकडासुद्धा—

आप्पा: रंग तुझा छान आहे. डोकं माझं गेलंय. हात गेले तेव्हा म्हटलं, असू दे, डोकं आहे ना. आता तेही चाललं. मी फोन करून सांगतो त्यांना, येऊ नका. हे खोक्यात घालून ठेवा. जरा पडतो मी.

(आप्पा आतल्या खोलीत जातात.)

मुलगी: वहिनी, तू खोटं बोललीस.

सून: कशावरून म्हणता?

मुलगी: आप्पांना ताप होता त्या रविवारी मी आले, तेव्हा वाटी तुझ्या मशीनशेजारी होती. गोळ्यांनी भरलेली. आणि विमानाचं अंग चिकटवून तयार. आप्पा बोलले नसते तर शिशाच्या गोळ्या तू काय बटणं म्हणून शिवणार होतीस?

सून: म्हणजे तुम्ही पाहिलं होतंत.

मुलगी: पाहिलं होतं.

सून: आणि तोंडातून चकार शब्द काढला नाहीत. अहो, रविवारी गोंद ओला होता. हलक्या हातानं उघडलं असतं. पाच आठवडे डोळे फोडून रंग दिलाय मी त्याला. रंगाच्या एका चट्ट्याची कड फाटली म्हणून तीनदा घासून पुन्हा दिलाय. आणि तुम्ही दर रविवारी यायचात, चहा घ्यायचात, 'वा वहिनी' म्हणायचात.

मुलगी: म्हणायचे. आणि मनात म्हणायचे, बस शेपटीवर. चारचौघांत बस.

सून: एवढं काय घोडं मारलं होतं मी तुमचं?

मुलगी: जळत होते मी. आडपडदा कशाला, सरळ सांगते. लहानपणी या टेबलाच्या कडेला मी तास तास उभी असायचे, नुसती बघत. ब्रश एकदाच दिला त्यांनी हातात. आता दिवसभर मी लोकांच्या दाढांतल्या केसाएवढ्या नळ्या शोधते. शहरभरातून अवघड केस माझ्याकडे पाठवतात. आणि माझ्या बापाला जेव्हा दुसऱ्याचे हात लागले, तेव्हा त्यानं तुझे मागितले. तू या घरात येऊन सहा वर्षं नाही झाली. मी रविवारी बेल वाजवायची, तर तुम्हा दोघांची डोकी एका दिव्याखाली. वर तू म्हणायचीस, 'ताई, जरा पंखा बंद करता का, रंग उडतोय.' एवढंच काम होतं माझ्याकडे. पंखा बंद करायचं.

सून: आणि मी सुखात होते असं वाटतं तुम्हाला? माझ्या जागी बसून बघा एकदा. मी रंगाआधी कडेला टेप लावली की म्हणायचे, 'जरा तिरकी गेली, तिनं एका दमात लावली असती.' मी सांधा घासला की, 'तिची नजर बघायला हवी, केसाएवढी भेग सांगते.' तिची, तिनं, तिला. ब्रश माझ्या हातात आणि कौतुक तुमचं. त्यांची औषधं मी देते, कपाळावर घड्या मी ठेवते, शर्टाची बटणं लागत नाहीत आता, ती मी लावते. कधी म्हणाले का कुणाला, सून एका दमात बटण लावते म्हणून?

मुलगी: माझ्याशी तर कधी एक अक्षर बोलले नाहीत.

सून: बापमाणूस. ज्याचं कौतुक त्याच्यासमोर कधी करतील? त्या गुरुवारी म्हणाले, 'नाकाचं तू करू नकोस, ते ताईसाठी ठेव. रविवारी आली की तीच भरेल.' शुक्रवारी पुन्हा तेच. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर सुटे भाग घासले मी, आणि मानाचं काम पाहुणीला. शनिवारी ते तापात झोपले होते. मी दोन्ही अर्धे चिकटवून मोकळी झाले. म्हटलं, या आता रविवारी, काय भरायचं ते भरा.

मुलगी: माझ्यासाठी ठेवलं होतं त्यांनी?

सून: ठेवलं होतं. मी तुमच्यापर्यंत पोचू दिलं नाही.

मुलगी: आणि गोळ्या?

सून: रागाच्या भरात राहिल्या. तुम्ही गेल्यावर, सोमवारी वाटी दिसली. शिलाई चुकली तर उसवता येते, ताई. तो गोंद प्लास्टिकच वितळवतो. तेव्हा उघडायला गेले असते तर फुटलं असतं. शिवाय मला करू नको म्हणून सांगितलेलं असताना मी का चिकटवलं, हेही सांगावं लागलं असतं. म्हटलं, पंचवीस-तीस गोळ्यांनी काय होतंय, राहील उभं. वाटी दोऱ्यांच्या डब्यात सारली.

मुलगी: आप्पांनी विचारलं नाही तुला?

सून: तापातून उठले, विमान हातात घेतलं, नाकावरून बोट फिरवलं. म्हणाले, 'ताईनं भरलंय ना, मग बघायला नको.'

मुलगी: आणि आता स्वतःचं डोकं गेलं म्हणून आत जाऊन पडलेत.

सून: मघाशी खरं सांगणारच होते. पण तुमच्यासमोर तोंड उघडेना.

मुलगी: चल.

सून: दोघींनी जायचं?

मुलगी: दोघींनी. एकटीनं सांगितलं तर दुसरीची चहाडी होईल.

(दोघी आतल्या खोलीत जातात.)

सून: आप्पा, जागे आहात ना? मी खोटं बोलले मघाशी. गोळ्यांचं तुम्ही मला सांगितलं होतं.

आप्पा: उगाच बरं वाटावं म्हणून सांगू नकोस.

मुलगी: नाही, आप्पा. तिला राग आला म्हणून तिनं आधीच चिकटवलं. आणि मी वाटी भरलेली पाहिली, तरी गप्प बसले. मुद्दाम.

आप्पा: थांबा. मी काय बोललो होतो? नेमके शब्द सांग.

सून: गुरुवारी म्हणालात, 'नाकाचं तू करू नकोस, ते ताईसाठी ठेव.'

आप्पा: आणि शुक्रवारी?

सून: 'ठेवलंयस ना?'

आप्पा: ठेवलंयस ना. बरोबर. तू तेव्हा कसल्याशा झग्याला चेन लावत होतीस. निळा होता.

सून: निळाच होता.

आप्पा: म्हणजे मी विसरलो नव्हतो.

मुलगी: आप्पा, रागवा तरी.

आप्पा: रागवेन. संध्याकाळी निवांत बसवून रागवेन दोघींवर. आत्ता मला बरं वाटतंय, ते वाटू द्या.

मुलगी: एक विचारू? पहिल्या दिवसापासून मला का नाही बोलावलंत?

आप्पा: तू नऊ वर्षांची होतीस. मॉडेलच्या काचेच्या चौकटीवर काळी रेघ ओढताना तुझा हात हलला. मी ब्रश काढून घेतला. तेव्हा काय म्हणालो, ते आठवतं?

मुलगी: थरथरत्या हाताचं इथे काम नाही.

आप्पा: हं. आता हा असला हात मी तुझ्यापुढे टेबलावर कसा ठेवू? हिचं बरं आहे. ही घरात आली तेव्हा मी मॉडेलं करणं सोडलं होतं. माझा हात चालत होता तेव्हा हिनं पाहिलाच नाही.

सून: घ्या. म्हणजे माझ्यापुढे अब्रू जात नाही म्हणून माझी निवड.

आप्पा: आणि तू बडबडतेस. हाताकडे लक्ष जात नाही.

मुलगी: पुढचं चाक जिथून बाहेर येतं ती खोबण आहे ना, तिच्या आतून नाकात जाता येईल. मिऱ्याएवढं भोक पुरे. बाहेरच्या रंगाला धक्का नाही. गोळ्या आत, वर गोंदाचा थेंब. हातानं फिरवायचं बारीक ड्रिल आहे माझ्या पेटीत. चला टेबलापाशी.

आप्पा: विमान उलटं धरावं लागेल. पंख न दाबता.

सून: मी धरते.

मुलगी: तू गोळ्या सोड, वहिनी. ते काम माझ्यासाठी ठेवलं होतं, पण तूच कर. विमान आप्पा धरतील.

आप्पा: माझा हात हलतो, बाई.

मुलगी: हलू दे. माझ्या खुर्चीत माणसं याहून जास्त हलतात.

आप्पा: मग तू काय करतेस?

मुलगी: एक बोट त्यांच्या जबड्यावर टेकवून ठेवते. ती हलली की माझा हातही त्यांच्याबरोबर हलतो.

आप्पा: टेकव मग.