गुलाबी सावनीची न सांगता झालेली छाटणी

मी, यशोधरा गंगाधर ओव्हाळ, वय ६३ वर्षे, निवृत्त शिक्षिका, राहणार तुंगार्ली, लोणावळा, ता. मावळ, जि. पुणे, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. अंगणात फाटकालगत गुलाबी सावनीची चार फुलझाडे आहेत. ती कुरवंडे येथील महिपती कडू, वय अंदाजे ५५, यांनी लावली. ते नऊ वर्षे माझ्याकडे माळीकाम करत होते. जून २०२४ पासून येत नाहीत. तेव्हापासून छाटणी झाली नाही. गेले दोन पावसाळे पानांवर पांढरी बुरशी आणि फुले नावापुरती.

दि. १७/०१/२०२६ रोजी मी पुण्यास बहिणीकडे गेले. दि. १९ रोजी दुपारी परतले, तेव्हा चारही झाडे छाटलेली दिसली. आत वळलेल्या फांद्या, बुंध्याचे फुटवे, वाळकी बोंडे काढलेली होती. कापलेल्या टोकांना शेणमाती लावलेली होती. काहीही चोरीस गेलेले नाही.

शेजारच्या पायल यांनी सांगितले की, आदल्या सकाळी कडू फाटकावरून आत उतरले. त्यांनी हटकले असता कडू म्हणाले, "बाई न्हाईत व्हय? असूंद्या. आत्ता न्हाई छाटली तर फुलं कुटनं येत्याल?"

आज दि. २० रोजी सकाळी मी जाब विचारण्यास कुरवंड्यास गेले. कडू कामावर होते. त्यांच्या पत्नी भागुबाई यांनी पाणी दिले. म्हणाल्या, "छाटली का झाडं? बरं झालं. लय घोर लागला व्हता त्यान्ला." मी तेथून निघाले व इथे आले.

अंमलदारांनी विचारले, "तक्रार नेमकी कशाची?" मी आधी बांगडीचे लिहून घ्यायला सांगितले.

जून २०२४ मध्ये माझी सोन्याची बांगडी हरवली. तेव्हा मी याच ठाण्यात कडू यांच्यावर संशय सांगितला होता. त्यांना दिवसभर इथे बसवले होते. सप्टेंबरमध्ये बांगडी माझ्याच स्वेटरच्या घडीत सापडली. मी कोणालाही कळवले नाही. त्यांची इतर बंगल्यांवरची कामेही सुटल्याचे कानावर आले, तेव्हाही कळवले नाही.

रागाने आले असते तर त्यांनी झाडे तोडली असती. ते का आले, हे मला समजत नाही.

महिपती कडू यांनी चोरी केलेली नाही. छाटणीबाबत माझी तक्रार नाही.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात "कळवायचे राहून गेले" असे लिहिले होते. ते मी खोडायला लावून "कळवले नाही" असे करून घेतले. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

(सही) यशोधरा ओव्हाळ