भिंतीवरचा बैल

ऊन बघा कसं चटकाय लागलंय आज — वाऱ्याची झुळूक सुदिक न्हाई, अन् ह्या नव्या फरश्या खालून भाजतेत त्या निराळ्याच. या ताई, आत सावलीला या. ती गठडी सरकवा जरा, दोऱ्याच हायेत, आज दुकान रिकामं करतोय. फोटू काढा की, भिंत कुठं पळून चालली? पर मला नका त्या बैलापशी उभं करू. हातात दोर घेऊन तर न्हाईच — कावून म्हणता? बसा, सांगतो.

ह्या गल्लीत घाटनांदूरपास्नं माणसं बैल घेऊन यायची, माझ्या दारात. म्होरकी म्हंजी बैलाच्या तोंडावर बसती ती दोरी — ती तोंडावरच विणावी लागती. एकाचं नाक रुंद, एकाचं कपाळ उभट. मालक चहा प्यायचा, मी बैलाच्या गालाला हात लावून गाठ मारायचो. जनावर बी शहाणं, मान खाली घालायचं. आता गल्लीच्या तोंडाला लोखंडी खांब ठोकलेत — दिसले न्हवं येताना? जनावराला आत सोडत न्हाईत. बाजार सुंदर करायचा म्हणे. झालाय की सुंदर, मी कुठं न्हाई म्हणतो? लिंब तोडला, बाकडी आली, दिवे आले, सांजच्याला पोरंपोरी आइस्क्रीम खात हिंडतेत. पर आइस्क्रीम खाणाराला म्होरकी काय कामाची?

भिंत मीच दिली, ते बी सांगतो. चित्रं काढणारी पोरं आली, म्हणली, आप्पा, तुमच्या धंद्याचाच बैल काढतो. मला वाटलं, बरं हाय — गिऱ्हाइकाला लांबून दुकान कळंल. खुळा मी. उद्घाटनाला शाल घातली मला. आमचे पुढारी अमरसिंह भाषणात म्हणले, नागप्पा म्हंजी आपला वारसा. मी हळूच इचारलं, सायेब, आठवड्यातनं एक दीस तरी बैल सोडा आत. खांद्यावर हात ठेवला, हसले. म्हणले, आप्पा, फरशीवर शेण पडंल की.

मग दोऱ्या घेऊन खांबापशी जाऊन बसाय लागलो, तर राखणदारानं उठवलं. आमचं पोरगं, विश्वेश्वर, म्हणतं, बारक्या बारक्या म्होरक्या करा, शहरातली लोकं दिवाणखान्यात टांगतेत. म्हणलं, लेका, अन् बैल कुठं बांधतेत, सोफ्याला? हसा, हसा. मी बी हसलतो.

पर हाताला सवय हाय न्हवं. रिकामा बसलो की बोटं आपली पीळ घालतेत. परवा दुपारी गल्लीत चिटपाखरू नव्हतं, एक म्होरकी विणाय घेतली — आता माप कुणाचं घ्यायचं? उठलो, भिंतीपशी गेलो. त्याच्या गालावर दोरी धरली, नाकावरनं घेतली, तिथंच गाठ मारली. भिंत तापलेली, जित्या जनावरावानी ऊन ऊन लागली हाताला. अन् मी त्याला म्हणलं — हे सांगायचं नव्हतं मला, जाऊ द्या — म्हणलं, मान खाली घाल, बाबा.

मागं छबुबाई उभी. शेजारची, बांगड्यावाली. दाराम्होरं पाणी कुणी सांडलं, उंबऱ्यावर कुणी बसलं, ह्यावरनं जन्मभर भांडलो आमी. वाटलं, आता ही सगळ्या बाजाराला सांगून हसवणार. न्हाई हसली. माझ्या हातातली दोरी घेतली, गुंडाळली, दुकानात नेऊन ठेवली. अन् लई हळू म्हणली, "आप्पा, घरी जावा तुमी. दुकान मी बंद करते."